तंबोरा मिरजेला, गिटार मांडीवर

२ जुलै

आत्तीचा तंबोरा आज मिरजेला पोचवला. घराला रंग देताना कोपऱ्यातून हलवला आणि भोपळ्याला चीर गेली. लांबून दिसत नाही, पण बोट फिरवलं की नखाला लागते. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी टिचकी मारून पाहिलं, भोपळ्याला कान लावला आणि म्हणाले, पावसाळ्यात सरस लवकर वाळत नाही, दीड महिना धरा. चीर वाढलेली निघाली तर भोपळाच बदलावा लागेल. चांगला भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, मापाचा मिळाला पाहिजे.

जाताना रेल्वेत तो मांडीवर उभा धरून नेला होता. येताना हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

आत्ती एकाहत्तर वर्षांची आहे. पहाटे साडेपाचला बसते, पन्नासेक वर्षं बसते आहे. मोबाइलवरचा तंबोरा लावून दिला. दोन दिवस ऐकला आणि बंद केला. म्हणाली, "दर चौथ्या फेरीला सांधा येतोय. तिथं आला की माझा श्वास अडकतो." मी कान देऊन ऐकलं तेव्हा मलाही तो सांधा सापडला, पण मला वीस मिनिटं लागली.

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे आणि ऑर्केस्ट्रात वाजवताना जमवलेली पेडलं (गिटारचा आवाज बदलणारे छोटे डबे) आहेत. गेली चार-पाच वर्षं रात्री घरी बसून मी त्यांच्यातून नुसते लांबलचक, तरंगणारे आवाज काढत असतो. गाणं नाही, ताल नाही, एक सूर आणि त्याच्यामागे पसरत जाणारा धुरासारखा आवाज. आत्तीला ते दाराआडून ऐकू येतच होतं. तिला म्हटलं, तंबोरा येईपर्यंत ह्याच्यातून षड्ज उभा करून देतो. कसोटी एकच: तिनं गायला बसलं पाहिजे.

४ जुलै

आत्तीची पट्टी आता पांढरी पाच, पेटीवरची पाचवी पांढरी. म्हणजे तिचा मध्य षड्ज १९६ हर्ट्‌झ, आणि गिटारची तिसरी तार मोकळी सोडली की नेमका तोच सूर वाजतो. चौथी तार मोकळी म्हणजे मंद्र पंचम. पाचवी तार एक पूर्ण सूर उतरवली की ९८ हर्ट्‌झचा खरज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, मिळतो. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन माझ्या गिटारवर जवळजवळ तयारच होत्या, आणि इतकी वर्षं हे लक्षात आलं नव्हतं. पंचम मात्र ट्यूनरवर न लावता कानानं लावला. ट्यूनर १४६.८ दाखवतो, शुद्ध पंचम १४७ आहे. फरक अगदी बारीक, पण आवाज अर्धा मिनिट टिकून राहिला की तो संथ लाटेसारखा ऐकू येतो.

पेडलांचा क्रम असा ठेवला: गिटार, ओव्हरड्राइव्ह (आवाजाला धार आणणारं), व्हॉल्यूम पेडल, डिले (आवाज उशिरानं परत वाजवणारा), दुसरा डिले, रिव्हर्ब (घुमारा देणारा), अँप. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी, हे महत्त्वाचं. पाय मागे घेतला की फक्त नवा आवाज थांबतो, आधीचा मागे विरत राहतो. तेच पेडल शेवटी लावलं तर शेपटीसकट सगळं एकदम कापलं जातं.

पहिला डिले मी स्वतः स्टीलच्या डब्यात बसवलेला आहे, पीटी२३९९ चिपवर. वरातीच्या आणि कराओकेच्या अँपमध्ये जे इकोचं स्वस्त बोर्ड असतं, त्यात बहुतेक वेळा हीच चिप असते. सुमारे ३४० मिलिसेकंदांच्या पुढे ताणली की ती खरखरायला लागते. त्याच्या आत मात्र तिचा आवाज मला महागड्या डिलेपेक्षा आवडतो, कारण प्रत्येक आवर्तनाला वरची धार थोडी थोडी झिजत जाते.

६ जुलै

पहिला प्रयत्न. डिले ५०० मिलिसेकंद, फीडबॅक (परत आलेल्या आवाजाचा पुन्हा आत जाणारा हिस्सा) निम्म्याच्या वर, रिव्हर्ब लांब. पलेक्ट्रमनं (तार छेडायच्या टिकलीनं) प-सा-सा-सा छेडत राहिलो. मला फार छान वाटत होतं. आत्ती पाच मिनिटं डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "ह्याला सम आहे की रे. मला समेवर यायला लावतंय."

बरोबर होतं. अर्ध्या सेकंदाला एक आवर्तन म्हणजे मिनिटाला १२० ठोके. मी नकळत हातही त्याच लयीत टाकत होतो. ऑर्केस्ट्राची सवय.

९ जुलै

डिले आणि रिव्हर्ब यांच्यातला फरक आत्तीला सांगताना मलाच नीट उमगला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अर्ध्या सेकंदानं परत आला तर भिंत ८५ मीटरवर आहे असं कानाला वाटतं. एकच भिंत, एकच प्रतिध्वनी, मोजता येतो. हा डिले. रिव्हर्ब म्हणजे सगळ्या बाजूंनी, निरनिराळ्या अंतरांवरून, इतक्या दाटीनं परतलेले आवाज की मोजायला एकही सुटा सापडत नाही. आत्ती म्हणाली, विजापूरला शाळेची सहल गेली होती तेव्हा गोलघुमटात वरच्या सज्जात टाळी वाजवली होती. टाळी पुन्हा पुन्हा परत आली ते मोजता आलं, पण सगळ्या मुली एकदम बोलायला लागल्या तेव्हा नुसता घुमारा झाला. मला याहून चांगलं उदाहरण सुचलं नसतं.

म्हणून आज क्रम उलटा केला. रिव्हर्ब आधी, डिले नंतर. एरवी रिव्हर्ब शेवटी ठेवतात, मीही तसंच ठेवत आलो. पण रिव्हर्ब आधी असेल तर डिलेकडे टोकदार ठोका जातच नाही, आधीच पसरलेला ढग जातो. ढगाची पुनरावृत्ती झाली तरी कडा दिसत नाही. दोन्ही डिले एकमेकांच्या पटीत येणार नाहीत असे लावले, एक ३१० आणि दुसरा ७३०. फीडबॅक दोन्हीकडे तिसऱ्या हिश्शापर्यंतच. त्याच्या पुढे गेलं की खालचे सूर साठत जातात आणि खोलीभर चिखल होतो. रिव्हर्बमधला खालचा पट्टाही कापला. खरज थेट गिटारमधून यावा, शेपटीतून नको.

ठेका गेला. आत्ती गायली नाही, पण उठूनही गेली नाही.

१० जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी आत्ती गिटारशेजारी बसली आणि मी काही वाजवायच्या आधीच म्हणाली, "दोन सा वाजताहेत. एक तुझ्या तारेचा. दुसरा चढा. चढा कुणाचा?"

मी म्हटलं, अजून काहीच वाजवलं नाही. फक्त अँप चालू आहे.

मग ट्यूनर लावून पाहिला आणि अंगावर काटा आला. अँपची घरघर म्हणजे घरातल्या विजेचे ५० हर्ट्‌झ आणि त्यांची पटीतली मंडळी: १००, १५०, २००. अतिमंद्र षड्ज ४९. म्हणजे विजेचा सूर आत्तीच्या षड्जाशेजारीच बसलेला आहे, पण एका पूर्ण सुराच्या सुमारे एकषष्ठांश हिश्शाइतका चढा. खरज ९८ आणि घरघर १००, दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे देत होते. मी त्या हेलकाव्यांना गेले चार दिवस पेडलांची जादू समजत होतो. एवढी वर्षं स्टेजवर ही घरघर ऐकली, तिला सूर आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही. आत्तीच्या कानाला मात्र सुराशिवायचा आवाज माहीतच नाही.

काळी चारमध्ये किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्याला हे इतकं टोचलं नसतं.

१३ जुलै

तीन दिवस घरघरीच्या मागे. आमचं मंगळवार पेठेतलं घर जुनं, वायरिंग दोन तारांचं, अर्थिंग नावाला. इलेक्ट्रिशियननं परसात खड्डा काढून तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून नवीन अर्थिंग दिलं. माती ओलीच होती, त्यामुळे लगेच फरक पडला. खोलीतला चोकवाला ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर वाजवताना बंद ठेवायचे असं ठरलं. राहिलेली चिरचिर पेडलांची होती. सगळी एकाच अडॅप्टरवरून साखळीनं जोडलेली, डिजिटल डिलेचा कचरा जमिनीच्या तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरत होता. उद्यमनगरमधून चार वेगवेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला, प्रत्येक पेडलाला स्वतंत्र रेक्टिफायर आणि ७८०९ रेग्युलेटर दिला. आता अँप चालू आहे की नाही हे दिवा बघून कळतं.

आत्ती : "गेला चढा."

१९ जुलै

जोड. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात असतात, पण दोन तारा म्हणजे दोन जीव. कितीही मिळवल्या तरी केसाएवढा फरक राहतो आणि त्या फरकातच जोड श्वास घेते. माझ्याकडे षड्जाची तार एकच. म्हणून कोरस पेडल लावलं. कोरस हेच करतो, मूळ आवाजाची किंचित उशिरा आणि किंचित हलत्या सुराची प्रत त्यातच मिसळतो. ऐकायला सुंदर, पण त्याची लाट ठरावीक वेळानं येते आणि ठरावीक वेळानं जाते. आत्तीला दोन मिनिटांत गरगरलं.

उपाय साधा निघाला. दुसरी तार काढून टाकली आणि तिच्या जागी तिसऱ्या तारेच्याच जाडीची, १७ ची (म्हणजे इंचाचे १७ हजारांश), साधी तार चढवली आणि षड्जात मिळवली. नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच १३ च्या तारेसाठी कापलेली, ती बारीक कानशीनं रुंद करावी लागली. आता गिटारवर पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खरज, चारही आहेत. क्रम हाताला उलटासुलटा लागतो, त्याची सवय होईल.

पहिल्यांदाच आत्तीनं गुणगुणून पाहिलं. तोंड मिटूनच, पण पाहिलं.

२३ जुलै

आजचा दिवस जवारीचा, आणि तो पुरला नाही.

तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी पुसटसा उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, खाली दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधतात. त्यातून मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या स्वरांचा, म्हणजे उपस्वरांचा, झगझगाट उठतो. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो तिथंच छेडलं तर तो उपस्वर वाजू नये असा जुना नियम. तंबोऱ्यात तो खणखणीत वाजतो, हे त्यांनी दाखवलं.

पेडलांत याच्या सर्वांत जवळचं ओव्हरड्राइव्ह. तेही उपस्वर वाढवतं. फरक असा की ओव्हरड्राइव्ह सगळे उपस्वर एकदम उठवतं आणि आवाज मंदावला की सगळे एकदम बसतात. जवारीत ते एकामागून एक, वरून खाली उतरत येतात. ती उतरंड पेडलातून मिळेना. शेवटी जुन्या टूथब्रशच्या दांड्याचा तुकडा चपटा घासून गिटारच्या ब्रिजपुढे तारांखाली बसवला, वरून थोडी गोलाई दिली, सुती दोरा घातला. तारा मोकळ्याच वाजवायच्या असल्यामुळे पडद्यांवरचे सूर बिघडले तरी हरकत नव्हती. दोन तास दोरा पुढे-मागे. खरजाला काहीच नाही, पंचमाला नुसती खरखर, पण जोडीच्या एका तारेला एकदा ती झण्ण उठली आणि खाली उतरली. मग ओव्हरड्राइव्ह अगदी थोडं, नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून उठवून जेमतेम नऊच्या जागेवर.

आत्तीनं विचारलं, "गंधार येतो का?"

तंबोरा सुरेल लागला की खरजातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो खरजाचा पाचवा उपस्वर, ९८ च्या पाचपट म्हणजे ४९०. गिटारच्या पडद्यावरचा गंधार त्याच्याहून जरा चढा असतो, म्हणून तो वाजवून चालणार नव्हतं, तो उगवायला हवा होता. मानेकडचा पिकअप (तारेचा कंप टिपणारा भाग) सोडून ब्रिजकडचा घेतला, अँपचा मधला पट्टा उचलला, आणि खरज आडव्या बोटानं हळू छेडला. दोन्ही डिलेंमधून फिरून चौथ्या-पाचव्या आवर्तनाला खालचा भार विरला आणि गंधार वर राहिला. आत्तीनं बोट वर केलं. मीही ऐकला.

२७ जुलै

लूपर वापरून पाहिला, कारण तासभर छेडत बसणं हाताला जड जात होतं. चांगली एक फेरी भरून घेतली आणि फिरवत ठेवली. आत्तीनं तिसऱ्याच फेरीला ओळखलं: "हाच पंचम मगाशी आला होता." मोबाइलचा जो दोष तोच इथं परत.

यावर १९७० च्या दशकात रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो यांनी वापरलेली रीत वेगळी होती. दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोघांतून न्यायची. पहिल्यानं टिपलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतो आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे जातो, दर वेळी जरा फिका होऊन. जुनं विरत राहतं, नवं मिसळत राहतं. लूपरमध्ये जुनं विरतच नाही. म्हणजे मला लूपर नको, फीडबॅक कमी केलेला लांब डिलेच हवा, आणि त्यात सतत नवा सूर टाकणारा हात हवा.

हात कुणाचा, हे आत्तीनंच सोडवलं. "आण इकडं," म्हणाली आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. पलेक्ट्रम नाही, मधलं बोट पंचमाला, तर्जनी बाकीच्या तिघींना, बोटाच्या मऊ भागानं, घासत नेल्यासारखं. मी ज्या गोष्टीसाठी तीन आठवडे नॉब फिरवत होतो त्यातली निम्मी तिच्या बोटाच्या पेरात होती. तिचा हात कधीच घड्याळात चालत नाही. एक फेरी साधारण पाच सेकंदांची, पण कोणतीही दोन सारखी नाहीत.

मी खाली बसून पेडलं हातानं सांभाळली.

३ ऑगस्ट

आत्ती गायली. पहाटे, अहिर भैरव, चाळीस मिनिटं.

व्हॉल्यूम पेडलबद्दल आज शिकलो ते लिहून ठेवतो. असं तरंगतं संगीत करणारे गिटारवाले सूर छेडल्याचा ठोका पूर्ण पुसतात. पेडल बंद, छेड, मग हळू उघड. मीही तसंच करायचो. आत्तीला ते चालेना. "तार लागल्याचं कळलं पाहिजे, नाहीतर मी कुणाच्या बरोबर गातेय?" म्हणून पेडल पूर्ण बंद करायचंच नाही, तिसऱ्या हिश्शावर ठेवायचं, तार लागली की पुढे न्यायचं. ठोका राहतो, त्याचं टोक जातं. आणि तिनं लांब आकार घेतला की पेडल थोडं मागे, ती श्वासाला थांबली की थोडं पुढे. तिच्या थांबण्यात मागचा आवाज उठून आला पाहिजे. पहिल्यांदा मी नेमकं उलटं करत होतो, ती चढली की मीही चढत होतो.

९ ऑगस्ट

रात्री मालकंस म्हणायचा म्हणाली. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून चौथी तार एक सूर उतरवून मध्यमात लावली. सगळं बाकी तसंच. दोन मिनिटांत थांबली. "सा कुठं गेला?"

तारा सुरात होत्या. तीनदा तपासल्या. मग कागद घेऊन बसलो. दोन सूर एकत्र ओव्हरड्राइव्हमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार होतो. षड्ज १९६ उणे पंचम १४७, उरले ४९: तो खाली दोन सप्तकांवरचा षड्जच. म्हणजे इतके दिवस ओव्हरड्राइव्ह गुपचूप षड्जाला आधार देत होतं. आता षड्ज १९६ उणे मध्यम १३०.७, उरले ६५.३, आणि तो खालच्या सप्तकातला मध्यम. पेडल मध्यमाच्या बाजूला गेलं होतं, आणि कान त्यालाच षड्ज मानायला लागला होता.

ओव्हरड्राइव्ह बंद केलं. धार गेली, पण सा परत आला. मालकंस अकरा वाजेपर्यंत चालला. बाहेर पाऊस इतका की पत्र्यावरचा आवाजच शेवटचं पेडल असल्यासारखा वाटत होता.

मध्यमाच्या रागांना ओव्हरड्राइव्ह नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

१६ ऑगस्ट

काही नवीन नाही. रोज पहाटे बसतो. १७ ची तार गंजली, बदलली.

२१ ऑगस्ट

तंबोरा आला. भोपळा वाचला, आतून पट्टी देऊन चीर सांधली आहे, जवारी नव्यानं काढली आहे. आत्तीनं खुंट्या पिळल्या, मणके सरकवले, दोरा घातला आणि कितीतरी वेळ नुसता छेडत बसली. खोली भरून गेली. माझ्या पेडलांतून हे कधीच आलं नव्हतं, हे पहिल्या फेरीलाच कळलं: ती उतरंड, चारही तारांना, न मागता.

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. आत्ती म्हणाली, सरस अजून मुरतोय, आठ दिवस तासभरच वाजवायचा असं मिरजेहून सांगितलंय. तोवर सकाळी तंबोरा, रात्री तुझं. आणि मग थोड्या वेळानं, तंबोऱ्यावरून नजर न काढता, "ती दुसरी तार काढू नकोस. मालकंसाला राहू दे."

१३ ची तार पाकिटात परत ठेवली.